वईच्या बुडाशी

आमच्या आणि तांडेलांच्या नारळीच्या आगरांमधली वई सरळ कधीच नव्हती. वई म्हणजे कुंपण. काट्याकुट्यांचं, बांबूच्या कांबींचं, मधूनमधून मोगली एरंडाच्या खुंटांचं. पावसात ती कुजून बसे, म्हणून पाऊस सरला की दर वर्षी नव्याने घालायची. रिवाज असा की एक वर्ष आम्ही घालायची, एक वर्ष त्यांनी. ज्याची पाळी त्याचा हात थोडा पलीकडे जायचाच. आता हे आपोआप व्हायचं असं मी म्हणणार नाही. वीतभर इकडे, वीतभर तिकडे असं करत दोन्ही घरांनी पिढ्यान् पिढ्या इमानेइतबारे एकमेकांची जमीन ढापली होती, त्यामुळे कुणी कुणाला बोलायची सोय नव्हती. मी लग्न होऊन रत्नागिरीत आले तेव्हा वई विहिरीपाशी आमच्या अंगावर आलेली होती आणि खाडीकडच्या टोकाला त्यांच्या अंगावर गेलेली होती. मला वाटलं, इकडे असंच असतं.

मी संगमेश्वरकडची. आमचं घर नदीला लागून, पावसाळ्यात पाण्याच्या आवाजावर ओरडल्याशिवाय एकाचं दुसऱ्याला ऐकू जात नसे. ती सवय माझ्याबरोबर सासरी आली. सासूबाई पहिल्याच वर्षी म्हणाल्या, "मुली, जरा बेताने. तुझा आवाज खाडी ओलांडून भाट्यापर्यंत जातोय." आवाज बेताने केला. राग मात्र बेताने करता आला नाही, तो नाकाच्या शेंड्यावर होता, अजून आहे. हे मुंबईला नोकरीला. मे महिन्यात आणि गणपतीत यायचे. घरात सासूबाई, मामंजी, मी आणि माझी दोन लहान पोरं.

मामंजींचा जन्म कचेरीत गेला. लोकांच्या जमिनींचे कागद, वाटण्या, हद्दी, तक्रारी. माणूस वाईट नव्हता हो. कुणाचं खाल्लं नाही, घरात कुणावर हात उगारला नाही. पण पेन्शनीत निघाले आणि रिकामे झाले. रिकामा कारकून घरात म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलंय त्यांनाच कळेल. मिठाची बरणी चुलीच्या उजव्या हाताला का, डाव्या हाताला का नाही, इथपासून सुरुवात. मग घर संपलं, आगर सुरू झालं. सकाळी काठी घेऊन वईच्या कडेकडेने फिरायचे आणि परत येऊन म्हणायचे, "ही काय हद्द झाली? ही हद्द की म्हशीचं शिंग?"

पलीकडे तांडेल. पूर्वी स्वतःच्या गलबतावर कौलं भरून मुंबईला न्यायचे. सगळी आळी त्यांना तांडेलच म्हणायची, आणि त्यांच्या बायकोला तांडेलीण. आगबोटींनी गलबतांचं पोट मारलं, तेव्हापासून तेही घरीच. मात्र ते बडबडत नसत. दिवसभरात चार शब्द बोलले तर खूप. दर्यावर बोलायला कोण असतं, तीच सवय राहिली असेल. त्यांना एकच मुलगा. तो मोठ्या आगबोटीवर खलाशी होता, कुठकुठल्या बंदरांना जायचा. मी त्याला एकदाच पाहिला होता. उंच, लाजाळू, आईच्या मागे मागे विहिरीवर येऊन कळशी उचलून नेणारा.

भांडण सुरू झालं ते एका माडावरून. विहिरीजवळ वईच्या पलीकडे, अगदी तिच्या बुडाशी, तांडेलांचा एक माड होता. बूड त्यांच्यात आणि डोकं आमच्यात, इतका तो कलला होता. नारळ पडायचे आमच्या बाजूला. आम्ही ते वईवरून पलीकडे टाकायचो आणि त्यातला एखादा तांडेलीण परत इकडे टाकायची. असं वर्षानुवर्षं चाललेलं. त्या वर्षी मामंजींनी एक नारळ उचलून घरात आणला आणि म्हणाले, "आपल्यात पडला तो आपला." सासूबाई म्हणाल्या, "अहो, शोभतं का?" तर म्हणाले, "शोभण्याचा प्रश्न नाही, हद्दीचा आहे." तांडेल काही बोलले नाहीत. पण पाऊस सरल्यावर वई घालायची पाळी त्यांची होती आणि त्यांनी विहिरीपाशी ती चांगली हातभर आमच्यात घातली. वीतभर चालायची. हातभर म्हणजे जबाबच झाला.

मामंजींनी मोजणी मागवली. कचेरीत सगळे ओळखीचे, वेळ लागला नाही. मोजणीदार आला, साखळी आली, निशाणं धरणारे दोन गडी आले. शेवाळलेले जुने हद्दीचे दगड शोधून काढले, साखळी ताणली, दिवसभर आगरात हे चाललं. मोजणीदार चहा आमच्याकडे प्यायला आणि नंतर तिकडेही प्यायला, म्हणजे भला माणूस. निघालं असं की विहिरीपाशी आमची जागा त्यांच्या वईत गेलेली होती, त्यात तो माडही आमचा ठरला. खाडीकडच्या टोकाला उलट, आमच्या आगराची एक लांबट पट्टी त्यांची. "गेली तर गेली," मामंजी म्हणाले. "रेघ सरळ झाली." आता ह्या रेघेवरून जांभ्या चिऱ्याचा गडगा घालायचा, म्हणजे दरसालची वई नको आणि दरसालची कटकट नको. चिऱ्यांच्या गाड्या येऊन पडल्या. माड गडग्याच्या पायासाठी खणायच्या चराच्या वाटेत येत होता, म्हणजे तो तोडायचा.

मामंजींनी तांडेलांना वईपाशी बोलावून हे सांगितलं. मी अंगणात वाळवण उचलत होते, मला सगळं दिसत होतं. तांडेल ऐकून घेत उभे राहिले. मग म्हणाले, "भाऊ, मोजणीत तुमचा निघाला. तोडा. मी कोण सांगणारा." आणि पाठ फिरवून घरात गेले. त्यांच्या मागे तांडेलीण उभी होती. ती घरात गेली नाही. तिने पदर तोंडात धरला होता आणि ती माडाच्या शेंड्याकडे बघत होती. मला तेव्हा वाटलं, एवढा काय जीव एका माडावर. नारळच हवेत तर आमचे आहेत की ढिगाने.

दुसऱ्या दिवशी मी विहिरीवर होते, तर वईच्या पलीकडून हाक आली. "सुनबाई, जरा हिकडे ये गो." मी गेले. वईच्या फटीतून तिचा अर्धा चेहरा दिसत होता. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता तिच्या.

"तुज्या मामंजींना सांगशील? त्यो माड नका तोडू म्हणावं."

"का हो काकी?"

तिने मागे वळून तांडेल जवळ नाहीत ना ते बघून घेतलं. मग म्हणाली, "त्याच्याखाली माज्या पोराची वार हाय."

हे माझ्या माहितीतलं होतं. आमच्याकडेही बाळंत झालं की सुईण वार, म्हणजे बाळाच्या मागून नाळेबरोबर पडते ती, आगरातच पुरते. कुणाचा पाय त्यावर पडू नये, म्हणून जिथे कुणी चालत नाही अशी जागा बघायची, आणि आगरात कुणी चालत नाही अशी जागा एकच, वईचं बूड. माझ्या दोन्ही पोरांची वार माहेरी आहे, नदीकाठच्या कुंपणाशी. आईने मला जागा दाखवून ठेवली होती. तांडेलीण म्हणाली, "सुईणीनं पुरलीन आणि माज्या सासूनं वर नारळ रुजवलान. पोरगा नि माड बरोबर वाढले. त्यो बोटीवर गेला तवापासून मी रोज सकाळी वर बघतंय. मधला कोंब हिरवा हाय ना, मग त्यो बरा हाय. वरीस होऊन गेला, त्याची खबर नाय. माज्यापाशी त्या कोंबाबिगर काय हाय गो?"

मी म्हटलं, "मग काका का नाही बोलले काल? एवढं सांगितलं असतं तर मामंजी काय राक्षस आहेत?"

"ते नाय बोलायचे. मान खाली घालायची सवय नाय त्यांना. आणि ही बायकांची गोष्ट, पुरुषांपुढे कशी काढायची?"

माझं डोकं फिरलं. कोणावर फिरलं ते मला तेव्हा नीट कळलं नाही. मामंजींवर, तांडेलांवर, त्या साखळीवर, सगळ्यांवरच. दोन म्हातारे मान ताठ करून उभे, आणि मधल्यामध्ये ही बाई रोज सकाळी वर बघत बसलेली. मी कळशी तिथेच टाकली आणि घरात आले.

आता अडचण अशी की मी मामंजींशी बोलू शकत नव्हते. सुनेने सासऱ्यांसमोर तोंड उघडायचं नाही. बोलायचं असेल तर माजघराच्या दाराआड उभं राहून सासूबाईंना सांगायचं, आणि ते ओटीवर झोपाळ्यावर बसलेल्या मामंजींना आपसूक ऐकू जायचं. ते उत्तर द्यायचे तेही सासूबाईंनाच. सासूबाई कुळीथ पाखडत बसल्या होत्या. मी दाराआड जाऊन उभी राहिले.

"सासूबाई, मामंजींना म्हणावं, माड तोडू नका."

झोपाळ्यावरून आवाज आला, "तिला म्हणावं, बायकांनी ह्यात पडू नये."

"सासूबाई, त्यांना म्हणावं, पडायची हौस नाही. पण पलीकडची बाई रडतेय."

"तिला म्हणावं, मोजणी रडण्यावर चालत नाही."

सासूबाईंचं सूप चालूच होतं.  मी मग दाराआडूनच पण आवाज जो काय संगमेश्वरचा होता त्या आवाजात सगळं सांगून टाकलं. वार, सुईण, सासूने रुजवलेला नारळ, हिरवा कोंब, सगळं. पुरुषांसमोर असलं काही बोलायचं नसतं, ते मी बोलले. झोपाळ्याच्या कड्या कुरकुरायच्या थांबल्या. मला वाटलं, आता घराबाहेर काढतात मला. पण शब्द परत घ्यावेसे वाटले नाहीत.

मग मामंजी म्हणाले, आणि आवाज त्यांचा मऊ होता, "समजुती आहेत ह्या. असल्या समजुतींवर हद्दी ठरवायला लागलो तर कचेऱ्या बंद कराव्या लागतील."

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. मांडीवरचे दाणे झटकले. उठल्या, ओटीवर गेल्या आणि थेट मामंजींना म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर."

"कुठे?"

"आगरात. चर कुठून खणणार ते दाखवा मला."

इतक्या वर्षांत त्यांनी मामंजींना 'चला' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. ते उठले, चपला घालायचं विसरून निघाले. मी मागोमाग. आता दाराआड राहायला सांगणारं कुणी उरलं नव्हतं. सासूबाई माडाकडे गेल्याच नाहीत, सरळ खाडीकडच्या टोकाला गेल्या, जी पट्टी मोजणीत तांडेलांची ठरली होती तिकडे. तिथे वईच्या बुडाशी वाकून त्यांनी सुके झाप बाजूला केले.

"हे थोरल्याचं, पाळण्यातच गेला त्याचं," त्या म्हणाल्या. मामंजींना कळलं नाही. त्या दोन पावलं पुढे गेल्या. "हे मुलीचं. तिला तुम्ही खांद्यावर घेऊन ओटीवर फिरायचात. नंतर राहिली नाही. हे तिच्या पाठच्याचं. तोही नाही राहिला. आणि हे मुंबईला असतो त्याचं." मग त्या उठल्या, हात पदराला पुसले. "आता सांगा. तुमच्या मोजणीत हे कुणाचं?"

मामंजींनी हद्दीच्या दगडाकडे पाहिलं. म्हणाले, "त्यांचं."

"आणि चर इथूनच जाणार?"

"हो."

"मग कुदळ लागेल तिथे मला उभी राहायला बोलवा. काय वर येतं ते गोळा करायला."

पलीकडे कधी तांडेलीण येऊन उभी राहिली होती ते आम्हाला कळलं नाही. ती तिच्या बाजूने म्हणाली, "हिकडे आमच्या सासूची पण हायत. तिची सहा पोरं. आणि त्या कोपऱ्यात तुमच्या सासूची." बायकांना सगळी वई पाठ होती. पुरुष तीन पिढ्या ज्या कुंपणावरून वीतभर जमीन ढापत होते, त्याच्या खाली दोन्ही घरांची सगळी पोरं होती, जगलेली आणि न जगलेली, आणि सरकत्या वईने कधी ह्या बाजूला, कधी त्या बाजूला टाकलेली. ह्यातली एक गोष्टही मामंजींना ठाऊक नव्हती. त्यांनी आयुष्यभर हद्दी तपासल्या होत्या.

"मला कधी बोलली नाहीस," ते सासूबाईंना म्हणाले.

"सांगायची पद्धत नाही," सासूबाई म्हणाल्या आणि कुळीथ पाखडायला परत गेल्या.

गडगा झाला नाही. मामंजींनी खणायला येणाऱ्या गड्याला दारातूनच परत पाठवलं. चिरे विहिरीपाशी पडून राहिले आणि पोरं त्यावर खेळायला लागली. तांडेलांकडे जाऊन चार शब्द बोलावेत, तर ते मामंजींना जमलं नाही. आणि इकडे येऊन चार शब्द बोलावेत, तर ते तांडेलांना जमलं नाही. पुरुषांचं हे मला कधी समजलं नाही. भांडायला वेळ लागत नाही, भांडण संपलं हे सांगायला मात्र ह्यांची जीभ टाळ्याला चिकटते. नारळ पुन्हा वईवरून पलीकडे जायला लागले एवढंच. ते टाकायचे मामंजी स्वतः, कुणी बघत नाही असं पाहून.

शिमग्याला बोटींवरची मुलं घरी येतात. त्या शिमग्याला मुरुडकडचा एक खलाशी तांडेलांचं घर विचारत आला. हातात छोटी ट्रंक होती. ट्रंक पाहूनच मी सासूबाईंना हाक मारली. त्याने सांगितलं ते असं, की मुलगा बोटीवर तापाने गेला, किनारा लांब होता, म्हणून त्याला समुद्रातच सोडलं. आदल्या गणपतीच्याही आधीची गोष्ट. ह्याची बोट तेव्हापासून इकडे लागलीच नव्हती, म्हणून यायला उशीर झाला. म्हणजे आमच्या आगरात साखळी ताणली तेव्हा तो नव्हताच. त्याची आई वईच्या फटीतून मला हिरवा कोंब दाखवत होती तेव्हाही तो नव्हता. हे मनात आलं आणि मी विहिरीच्या कट्ट्यावर बसले.

सासूबाई आणि मी रोज तिच्याकडे जायचो. ती रडत नसे. भात पुढे ठेवला तर खायची, नाही ठेवला तर नाही. सकाळी मात्र बाहेर येत नव्हती. तांडेल ओटीवर बसून असायचे, खाडीकडे पाठ करून.

मग एका सकाळी कुऱ्हाडीचा आवाज आला. मी चुलीपुढे होते. एक घाव, मग दुसरा. धावत मागच्या दारी आले तर तांडेल माडापाशी. बुंध्यात पांढरी खाच पडली होती आणि ते तिसरा घाव घालायला हात वर करत होते. तांडेलीण त्यांच्या दारात चौकटीला धरून उभी.  मी ओरडले, काय ओरडले ते आठवत नाही. पण माझ्या आधी मामंजी निघालेले होते. नुकतीच अंघोळ झालेली, अंगात सदरा नाही, जानवं पाठीवर चिकटलेलं. वई कुठून ओलांडली कोण जाणे, काट्यांनी दोन्ही पाय फाडले होते. ते जाऊन माड आणि कुऱ्हाड ह्यांच्या मध्ये उभे राहिले.

"बाजूला व्हा, भाऊ," तांडेल म्हणाले. "पोर गेला माझा. आणि ह्यो उभा. वर हिरवागार. ह्यो कशाला उभा?"

मामंजींनी माडाला पाठ लावली. बोलले ते कचेरीतल्या आवाजात. "तांडेल, मोजणीत हा माड माझा निघालाय. कागद आहे माझ्याकडे. माझ्या माडाला हात लावायचा नाही."

तांडेल त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस कुऱ्हाड मामंजींवर घालतो. तसं झालं असतं तरी मी त्याला दोष दिला नसता. पण त्यांचा हात हळूहळू खाली आला, कुऱ्हाड गवतात पडली आणि ते होते तिथेच मातीत बसले. खबर आल्यापासून ते रडलेले कुणी पाहिले नव्हते. मामंजी त्यांच्याजवळ बसले, अंघोळ-बिंघोळ विसरून, ओल्या मातीत, आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

तांडेलीण दारातून आली. इतक्या दिवसांनी ती माडापाशी येत होती. तिने ती खाच बघितली, त्यावर तळवा दाबून धरला, जखमेवर धरतात तसा. ती आजवर मामंजींशी एक शब्दही बोललेली नव्हती. डोक्यावरचा पदर पुढे ओढून ती म्हणाली, "भाऊ, माड तुमचा. पाणी मातर मी घालीन."

मामंजी कुणाच्या बायकोकडे नजर वर करून बघत नसत. त्यांनी वर बघितलं.

"घाला, वहिनी," म्हणाले.